सेंद्रिय सोलर सेल: शाई वाळते कशी, त्यावर वीज ठरते

‘सेंद्रिय’ म्हटलं की आपल्याला गूळ आठवतो, फार तर शेणखत. त्यामुळे ‘सेंद्रिय सोलर सेलने २० टक्के कार्यक्षमतेचा टप्पा ओलांडला’ अशी बातमी आली की वाचणारा बुचकळ्यात पडतो. इथला ‘सेंद्रिय’ रसायनशास्त्रातला आहे: कार्बनचा सांगाडा असलेले पदार्थ, म्हणजे रंगद्रव्यं, प्लास्टिक, औषधं यांच्या गोतावळ्यातले. ते ज्या द्रावकांत विरघळवतात त्यांतली काही तर शेताच्या आसपासही नेऊ नयेत अशी आहेत.

बातमीत बहुतेक वेळा दोन गोष्टी गाळलेल्या असतात. ते २० टक्के केवढ्या तुकड्यावर मिळाले, आणि किती दिवस टिकले. त्या दोन प्रश्नांपर्यंत पोचायला थोडं मुळापासून जावं लागेल.

आधी छतावरच्या पॅनलचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरोघरी बसताहेत ती पॅनल स्फटिकी सिलिकॉनची. आतली निळी-काळी चकती साधारण १५० ते १६० मायक्रॉन जाड असते, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवल्याइतकी. एवढी जाडी लागते, कारण सिलिकॉन प्रकाश शोषण्यात आळशी आहे. कार्बनी रंगद्रव्य या बाबतीत अधाशी असतं, त्याला १०० नॅनोमीटरचा थर पुरतो. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर.

हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर १०० नॅनोमीटरचा थर म्हणजे ०.१ घन सेंटिमीटर माल, वजनाने ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्याच जागेला सिलिकॉन लागतं साडेतीनशे ग्रॅमहून अधिक. शिवाय सिलिकॉन १४०० अंशांच्या वर वितळवून त्याचा स्फटिक ओढावा लागतो. हा कार्बनी पदार्थ द्रावकात विरघळतो, त्याची शाई होते, आणि ती कागदावर छपाई करावी तशी प्लास्टिकच्या फिल्मवर पसरता येते. या क्षेत्राचं सगळं आकर्षण एवढ्यात आलं. पुढचा मजकूर अडचणींचा आहे.

जोडी सुटत नाही

प्रकाशाचा कण पदार्थावर आदळला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते. या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात. ती धन प्रभारासारखी वागते. इलेक्ट्रॉन एका टोकाला आणि होल दुसऱ्या टोकाला नेता आलं तर वीज मिळाली. सिलिकॉनमध्ये ही दोघं जन्मतःच मोकळी असतात. कार्बनी पदार्थात ती एकमेकांना बिलगून राहतात. या बिलगलेल्या जोडीला ‘एक्सायटॉन’ म्हणतात, पुढे मी नुसतं ‘जोडी’ म्हणेन.

कारण साधं आहे. दोन विरुद्ध प्रभारांमधली ओढ सिलिकॉन सुमारे बारा पटींनी बोथट करतं, कार्बनी पदार्थ फक्त तीन-चार पटींनी. त्यामुळे जोडी तोडायला साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणू-रेणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) लागतात, आणि खोलीच्या तापमानाची धुगधुगी पुरवते ०.०२५. वर जोडीचं आयुष्यही तुटपुंजं, बहुतेकदा एका नॅनोसेकंदाहून कमी. तेवढ्यात ती सुमारे १० नॅनोमीटर भटकते आणि विझते. ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

१९८६ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग यांनी तोडगा दाखवला. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकवायचे. एकाला इलेक्ट्रॉन द्यायला आवडतं (दाता), दुसऱ्याला घ्यायला (ग्राही). जोडी सीमेवर पोचली की इलेक्ट्रॉन ग्राहीत घसरतो आणि होल दात्यात राहतं. कार्यक्षमता आली सुमारे १ टक्का. कारण सीमा एकच, सपाट. तिच्यापासून १० नॅनोमीटरच्या आत जन्मलेल्या जोड्याच कामी यायच्या. थर १०० नॅनोमीटरचा हवा आणि जोडीची झेप दहाची, हा तिढा काही सुटेना.

तो सुटला १९९५ मध्ये, ॲलन हीगर यांच्या गटात. दोन्ही पदार्थ एकाच द्रावकात कालवून एकत्रच पसरले, की वाळताना ते आपोआप एकमेकांत गुंतलेल्या शिरांमध्ये वेगळे होतात. अळूवडीचा काप डोळ्यांसमोर आणा. पान आणि बेसन दोन्ही पातळ आणि दोन्ही सलग. कुठूनही निघालात तरी दुसरा पदार्थ हाताशी, आणि पान धरून चालत राहिलात तर तुटल्याशिवाय कडेला पोचता. सेलला नेमकं हेच हवं. शीर इतकी बारीक की जोडी सीमेपर्यंत पोचावी, आणि इतकी सलग की सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेत अडकू नये. बेसनाचा थर जाड झाला तर जोड्या विझतात. सगळं मिक्सरमध्ये फिरवल्यासारखं एकजीव झालं तर वाटाच तुटतात. चांगल्या आणि वाईट सेलमधला फरक बहुतेक वेळा इथलाच असतो.

रेणू घडवतात म्हणजे काय करतात?

तीन गोष्टी जमवायच्या असतात: कोणता प्रकाश शोषला जाईल, इलेक्ट्रॉनला किती उंचीवरून उतरावं लागेल, आणि रेणू एकमेकांवर कसे रचले जातील.

पहिलीसाठी एकाच रेणूत इलेक्ट्रॉन ढकलणारे आणि ओढणारे तुकडे आलटून पालटून जोडतात. ढकलाओढ जितकी जोरदार तितकी इलेक्ट्रॉनची उडी लहान होते आणि शोषण अवरक्ताकडे सरकतं. दुसरीसाठी फ्लोरिन किंवा क्लोरिनचा अणू नेमक्या जागी बसवून ऊर्जेची पायरी थोडी खाली-वर करतात. तिसरी सगळ्यांत किचकट. मुख्य सांगाडा चपटा असेल तर रेणू थप्पीसारखे रचले जातात आणि प्रभार झरझर धावतो. पण चपटे रेणू विरघळत नाहीत. म्हणून त्यांना कार्बनच्या लांब शेपट्या लावतात. शेपटी आखूड पडली तर शाईत गाळ बसतो, लांब झाली तर रेणू एकमेकांपासून दुरावतात, कारण शेपटीतून वीज वाहत नाही. शेपटीला फाटा कुठे फुटावा यावर स्वतंत्र शोधनिबंध निघतात, हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्याने कार्यक्षमतेत टक्क्या-दोन टक्क्यांचा फरक खरंच पडतो.

वीस वर्षं ग्राही म्हणून फुलेरीन, म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचा फुटबॉल, वापरला गेला. तो इलेक्ट्रॉन छान उचलतो, पण दृश्य प्रकाश नीट शोषत नाही आणि त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या फारशा हलवता येत नाहीत. त्यामुळे गाडी दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास अडकली. २०१९ मध्ये चीनच्या सेंट्रल साउथ विद्यापीठातल्या झोउ यिंगपिंग यांच्या गटाने ‘वाय६’ नावाचा ग्राही आणला. केळ्यासारखा वाकलेला रेणू, जवळजवळ ९३० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाश शोषणारा. ‘पीएम६’ या दात्याबरोबर त्याने १५.७ टक्के दिले. आजचे २० टक्क्यांचे बहुतेक सेल याच घराण्यातले.

पाककृती, आकड्यांसकट

पीएम६-वाय६ची पद्धत आता जगभरच्या प्रयोगशाळांत सरावाची झाली आहे. काचेवर इंडियम-टिन-ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असतो. ती काच साबणाचं पाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल या क्रमाने अल्ट्रासोनिक टबमध्ये साधारण पंधरा-पंधरा मिनिटं धुतात, मग अतिनील-ओझोनखाली ठेवतात. ही पायरी घाईघाईत उरकली की पुढे सगळं रडतं; एक धूलिकण १ मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या थराच्या दहापट उंच.

वर ‘पेडॉट-पीएसएस’ हे निळसर वाहक पॉलिमर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पसरतात आणि १५० अंशांवर पंधरा मिनिटं भाजतात. ते पाण्यातलं असल्यामुळे ओल राहता कामा नये. इथून पुढचं काम नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये.

मुख्य शाईत दाता आणि ग्राही १ : १.२ वजनाने, मिलिलिटरला एकूण १६ मिलिग्रॅम, क्लोरोफॉर्ममध्ये. त्यात अर्धा टक्का क्लोरोनॅफ्थलिन. शाई काही तास ढवळायची. काच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवत तिच्यावर थेंब सोडायचा, आणि मग ११० अंशांवर दहा मिनिटं. थर साधारण १०० ते १५० नॅनोमीटरचा होतो.

त्यावर इलेक्ट्रॉन वेचणारा, जेमतेम १० नॅनोमीटरचा थर. तो मेथनॉलमधून देतात, आणि यामागे शहाणपण आहे: मेथनॉल खालचा थर विरघळवत नाही. वरच्या शाईने खालची पुसून टाकायची नाही, हा छापील सेलचा पहिला नियम, आणि नवख्यांकडून हटकून मोडला जाणारा. शेवटी निर्वातात १०० नॅनोमीटर चांदी चढवतात. सुरुवात अगदी संथ, नाहीतर तापलेले चांदीचे अणू नाजूक थरात घुसतात.

अशा सेलने ०.८३ व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला २५.३ मिलिअँपिअर दिले. दोन्हींचा गुणाकार २१, पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत. प्रत्यक्षात हाती येणारा वाटा म्हणजे ‘फिल फॅक्टर’. तो होता सुमारे ७५ टक्के, म्हणून उत्तर १५.७. प्रमाणित ऊन चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट धरतात, त्यामुळे मिलिवॅटचा आकडा थेट टक्क्यांत वाचता येतो.

त्या काही सेकंदांत काय घडतं

क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे फिरत्या काचेवर तो क्षणात उडतो. आधी कोण घट्ट होतं, दाता की ग्राही, आणि मध्ये किती वेळ मिळतो, यावर अळूवडीची घडी ठरते. पाकाचंही असंच असतं. खडीसाखर हवी तर पाक दिवसचे दिवस सावकाश जमू द्यायचा, बत्तासा हवा तर घट्ट पाकाचा थेंब टाकून झटक्यात. आपल्याला मधलं काहीतरी हवं: रेणू थोडे रचले जावेत, पण खडे होऊ नयेत.

क्लोरोनॅफ्थलिन तेवढ्यासाठी घालतात. ते २६० अंशांच्या वर उकळतं, म्हणून क्लोरोफॉर्म गेल्यावरही थोडा वेळ मागे रेंगाळतं आणि वाय६च्या रेणूंना नीट बसायला अवधी देतं. अर्ध्या टक्क्याच्या जागी दोन-तीन टक्के घातलं तर शिरा जाडावतात आणि प्रवाह पडतो. भाजताना ते पुरतं गेलं नाही तर सेल पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि नंतर आतल्या आत बदलत राहतो. म्हणून अलीकडे काही गट तापवल्यावर उडून जाणारे घन पदार्थ वापरतात. मला हा मार्ग जास्त पटतो.

दात्याचा घाण्यागणिक फरक ही आणखी एक डोकेदुखी. पीएम६ हा पॉलिमर, म्हणजे साखळीसारखा लांब रेणू. ती साखळी एकदा लांब, एकदा आखूड होते; आखूड साखळीची शाई पातळ होते, थरही पातळ. त्यात पॅलॅडियम उत्प्रेरकाचे अंश राहिले तर ते प्रभार गिळतात. म्हणून पॉलिमर मेथनॉल, ॲसिटोन, हेक्झेन अशा द्रावकांनी पाळीपाळीने खळबळून घेतात आणि शेवटी क्लोरोफॉर्ममध्ये उतरेल तेवढंच ठेवतात. ‘रेसिपी तीच, पण आकडा येत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा बाटलीत सापडतं.

सेल कुठे बिघडला, हे आलेख सांगतो

व्होल्टेज वाढवत प्रवाह मोजला की एक गुडघ्यासारखी वळणारी रेषा मिळते. सुरुवातीचा सपाट भाग उतरता दिसला तर थरात छिद्र किंवा धूळ आहे, वीज आतल्या आत गळते आहे. शेवटचा भाग आडवा पडला तर कुठेतरी रोध जास्त आहे, बहुधा संपर्क किंवा जाड थर. रेषेला इंग्रजी ‘एस’सारखं दुहेरी वळण आलं तर दोन थरांच्या सीमेवर अडथळा आहे, मेथनॉलमधला थर नीट बसला नाही, असं आधी तपासावं.

मग २० टक्के म्हणजे सिलिकॉनला गाठलंच की?

नाही. विक्रमी आकडे बहुधा चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, म्हणजे मसूरडाळीएवढ्या तुकड्यावरचे असतात. जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूरेम्बर्ग इथे २०२३ मध्ये सुमारे २०० चौरस सेंटिमीटरच्या मॉड्यूलने साडेचौदा टक्क्यांच्या जवळचा प्रमाणित आकडा दिला, तोही विक्रम होता. बाजारातल्या फिल्मचे आकडे याहून खाली आहेत.

घट होते कुठे? फिरत्या काचेवर टाकलेली बहुतेक शाई बाहेर उडून वाया जाते, आणि ही पद्धत लांब रोलवर चालतही नाही. तिथे ‘स्लॉट-डाय’ लागते: अरुंद फटीतून शाई सरकत्या फिल्मवर सारखी पसरवणारी. कारखान्यात क्लोरोफॉर्मही नको, विषारी आहे. पर्याय म्हणून झायलिन किंवा टोल्यूइन घ्यावं तर ती सावकाश उडतात आणि खडीसाखर व्हायला लागते. मग फिल्म गरम ठेवा, वरून गरम नायट्रोजनचा झोत मारा, शेपट्या बदलून रेणू नव्या द्रावकाला जुळवा. म्हणजे रेणू घडवण्यापासून पुन्हा सुरुवात.

पारदर्शक वाहक थराचा रोधही मोठ्या क्षेत्रात जाणवतो. म्हणून मॉड्यूल अरुंद पट्ट्यांत लेझरने कापून एकसर जोडतात, आणि त्या रेघांखालची जागा वीज देत नाही.

एक तोटा मुळातच आहे. वाय६ची उडी सुमारे १.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, हाती आले ०.८३, म्हणजे अर्धा व्होल्ट गळाला. सिलिकॉनची उडी १.१२ची आणि उत्तम सेल देतो ०.७४ च्या आसपास. कार्बनी पदार्थात सुटलेले प्रभार पुन्हा भेटले की प्रकाश न देताच उष्णतेत विझतात. चांगला सोलर सेल हा उलटा चालवल्यास चांगला एलईडीही असायला हवा, हे रसायनज्ञांना आता उमगलं आहे, आणि चमकणारे रेणू शोधणं हे सध्याचं मोठं काम आहे.

प्लास्टिकच ना, उन्हात टिकेल?

शंका रास्त आहे. ऑक्सिजन आणि अतिनील किरण मिळून रेणूंचे दुहेरी बंध तोडतात. वाय६ घराण्यात मधला तुकडा आणि टोकाचे तुकडे जोडणारा बंध हे मर्मस्थान. ग्राहीशेजारी झिंक ऑक्साइडचा थर असेल तर अतिनीलात तो स्वतःच हे काम उरकतो. ओलावा चांदी आणि संपर्क-थर खातो. आणि काहीही न तुटता होणारा बिघाड वेगळाच: उन्हात पॅनल ६०-७० अंशांना तापतं, लहान रेणू हळूहळू सरकतात, शिरा जाडावतात, आणि अळूवडी उलगडते. त्यासाठी दोन-तीन ग्राही रेणू एकमेकांना बांधून जड करतात, म्हणजे ते जागचे हलत नाहीत.

बाहेरून बचाव म्हणजे ओल अडवणारी बहुपदरी फिल्म. पिशवीच्या प्लास्टिकमधून दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या घरात वाफ आत येते. इथे ती त्याच्या हजाराव्या भागाहून कमी हवी. कोकणातल्या पावसाळ्यात तर कडांचा डिंक हाच पहिला दगा देतो. आणि इथेच ‘माल कमी, म्हणून स्वस्त’ हे गणित कोलमडतं: रंग ग्रॅमचा दहावा भाग, पण त्याला गुंडाळणारी फिल्म पूर्ण चौरस मीटर. अमेरिकेतली कोनार्का ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या काळात सिलिकॉनच्या किमती वेगाने कोसळत होत्या.

पेरोव्स्काइट म्हणजे हेच का?

नाही, जरी तेही शाईतून छापता येतं. पेरोव्स्काइट हा शिसं असलेला स्फटिक, त्यात जोडी जवळजवळ मोकळीच जन्मते, म्हणून त्याची कार्यक्षमता झपाट्याने वाढली. आयआयटी मुंबईत २०१० पासून असलेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक केंद्रात सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवण्याचं काम चालतं. कार्बनी सेलमध्ये शिसं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग छतावर काय बसवावं?

काँक्रीटची गच्ची असेल तर सिलिकॉन, आजच. कार्बनी सेलची वाट पाहत बसू नका. कार्बनी फिल्मची जागा वेगळी आहे. काचेच्या पॅनलचं वजन चौरस मीटरला ११-१२ किलो भरतं, फिल्मचं दोनेक किलो. एमआयडीसीतल्या जुन्या पत्र्याच्या शेडला पहिलं पेलत नाही, दुसरं चिकटवता येतं. ड्रेस्डेनची हेलियाटेक अशी फिल्म बनवते, आणि तीही शाईने नाही. निर्वातात लहान रेणूंची वाफ चढवून, म्हणजे द्रावकाची कटकटच नाही.

दुसरी जागा घराच्या आत. ५०० लक्सच्या एलईडी उजेडात चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० मायक्रोवॅट असतात. या उजेडात अवरक्त नसतं, म्हणून उडी मोठी असलेले रेणू निवडले तर कार्बनी सेल २५ टक्क्यांच्या पुढे जातात. वीस चौरस सेंटिमीटरची पट्टी पाऊण मिलिवॅट देते. गोदामातल्या तापमान-सेन्सरला दर काही मिनिटांनी एक निरोप पाठवायला ते पुरतं, आणि बटणसेल बदलायला शिडीवर चढावं लागत नाही.

तिसरी जागा पॉलिहाऊसचं छत. वाय६सारखा रेणू अवरक्त खातो आणि पानांना लागणारा बराचसा प्रकाश जाऊ देतो. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर तसं छत घालायचं तर हिशेब मांडावा लागेल तो फुलांच्या देठाची लांबी किती घटते याचा, कारण भाव त्या लांबीवर ठरतो.